तीनचे सात

आमच्या परळच्या पॅथॉलॉजी लॅबचे नवे संचालक हे वेगाचे भक्त होते. जिन्याने जाणाऱ्या माणसाकडे ते दयेने बघत. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आमचं ऑफिस, आणि तिथली कॉम्प्युटरची सगळी यंत्रणा सांभाळणं हे माझं काम. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर "झटक्यात" पोचला पाहिजे.

त्या झटक्यासाठी त्यांनी आमचा जुना सर्व्हर काढायला लावला. त्या सर्व्हरची मेमरी चुका सुधारणारी होती. मेमरीत सगळं शून्य आणि एकच्या रूपात साठवलेलं असतं; असा प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट. उष्णतेने, कधी सदोष चिपमुळे, एखाद्या शून्याचा एक होतो. असं होणारच हे गृहीत धरून ही मेमरी प्रत्येक तुकड्यासोबत थोडी जास्तीची खूण ठेवते, वाचताना ताडून बघते आणि एखादा बिट उलटा झाला असेल तर गुपचूप सरळ करते. या ताडून बघण्यात किंचित वेळ जातो. संचालकांचा सगळा राग त्या किंचितवर होता.

"मॅडम, ही लॅब आहे, अवकाशयान नाही," ते म्हणाले. "एक बिट इकडचा तिकडे झाला तर काय आभाळ कोसळणारे का?"

"कुठला बिट, त्यावर आहे सर."

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता."

मग त्यांच्या ओळखीच्या माणसाने गेम खेळणाऱ्यांसाठी बनवतात तसलं मशीन जोडून आणलं. त्यातली मेमरी कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षाही जास्त पळवलेली, आणि तिच्यावर रंगीत दिवे. बंद खोलीतल्या बंद कपाटात ते दिवे कुणासाठी लुकलुकणार होते, देव जाणे. संचालकांनी मात्र कपाटाचं दार उघडून त्यासोबत फोटो काढून घेतला.

काही आठवडे सगळे खूश. मधूनच मशीन आपोआप बंद होऊन चालू व्हायचं. एकदा एका बाईंच्या नावातलं अक्षर बदललं, तर रिसेप्शनवरच्या मुलीला बोलणी खावी लागली. मेमरी तपासायला मशीन दुपारभर बंद ठेवू का, असं मी विचारलं. "दुपारभर?" ते असे ओरडले, जणू मी त्यांची किडनी मागितली होती.

आणि मग माझ्या आत्याचा रिपोर्ट आला.

आत्या लालबागच्या चाळीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू, म्हणून मीच तिला आमच्या लॅबमध्ये तपासणीला आणलं होतं. रिपोर्टमध्ये तिचं पोटॅशियम सात पूर्णांक आठ. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदय कधीही बंद पडेल. नियमाप्रमाणे लॅबमधून घरी फोन गेला, की असाल तसे हॉस्पिटलमध्ये पोचा. माझ्या आतेभावाने शेजाऱ्यांना हाका मारल्या. त्यांनी आत्याला खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. ती वाटभर ओरडत होती.

मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तिच्या छातीवर वायरी लावलेल्या होत्या. "माका काय एक झालेला नाय गो," ती मला म्हणाली. "सकाळीच बाजारातसून मासे घेऊन इलंय. ह्या मेल्यांका सांग." मी तिचा हात धरला. आतेभाऊ कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता.

ड्युटीवरचा डॉक्टर ईसीजीची पट्टी पुन्हा पुन्हा बघत होता. "हा आकडा आणि या आजी जुळत नाहीयेत," तो म्हणाला. त्याने रक्त पुन्हा घेतलं. निकाल आला तीन पूर्णांक नऊ. अगदी व्यवस्थित.

मी तशीच लॅबमध्ये परत गेले. रक्त तपासणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत आत्याचा आकडा होता तीन पूर्णांक आठ. आमच्या चकाचक मशीनमध्ये तोच सात पूर्णांक आठ झालेला. कॉम्प्युटर आकडे ज्या सांकेतिक रूपात लिहितो, त्यात तीन आणि सात यांच्यात फक्त एका बिटाचा फरक असतो. तो उलटला होता. मशीन बंद करायला या वेळी मी कुणालाच विचारलं नाही. तपासणी सुरू केली आणि थोड्याच वेळात पडदा चुका दाखवणाऱ्या लाल ओळींनी भरला.

संचालक आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, "पण एकच बिट ना?"

त्या माणसाला मारावं असं मला मनापासून वाटलं.

"हे बाहेर जायला नको," ते पुढे म्हणाले. "तुमच्याच आत्या आहेत, त्यांना एक फुल बॉडी चेकअप फ्री देऊ."

मी सरळ आमच्या मुख्य पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांकडे गेले. रिपोर्टवर सही त्यांची असते. मितभाषी बाई. सगळं ऐकून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि संचालकांना बोलावून घेतलं. "जुना सर्व्हर परत लागेपर्यंत आणि या मशीनमधून गेलेले सगळे रिपोर्ट यंत्रांच्या नोंदींशी ताडून होईपर्यंत मी सही करणार नाही," त्या त्यांना म्हणाल्या. "आणि ज्यांचे चुकले असतील त्यांना फोन तुम्ही करायचे."

आणखी काही चुकलेले निघाले. सुदैवाने जिवावर बेतेल असा एकही नव्हता. संचालकांनी फोन केले आणि प्रत्येकाला "तांत्रिक अपडेट" असं सांगितलं. जुना सर्व्हर परत लागला. रिपोर्ट आता उशिरा जातात अशी तक्रार आजवर कुणीही केलेली नाही, कारण तो उशीर माणसाला कळण्याइतका नव्हताच कधी. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये संचालकांनी "अचूकतेशी तडजोड नाही" या विषयावर भाषण ठोकलं आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

आत्या आता रक्त द्यायला दादरला जाते. आमच्या लॅबचं नाव काढलं की ती एक मालवणी शिवी देते आणि मी तिला अडवत नाही.