पहिल्या पायरीवरचं जोडपं

अर्ध्या बाहुल्या पुसून झाल्या होत्या, अर्ध्या अजून पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या, आणि कामाक्षी हातातलं ओलं फडकं तसंच धरून थांबली होती. तिची नात दिव्यश्री शाळेतून आली ती दप्तरही न उतरवता पेटीच्या कडेवर बसली होती.

"किती?" कामाक्षीनं विचारलं.

"पन्नासात अकरा."

"केमिस्ट्री?"

"हूं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत घेणारेत. अठरा नाही पडले तर सायन्स ग्रुपमधनं काढून कॉमर्सला बसवणार."

मुलगा सतीशकुमार नोकरीसाठी होसूरला राहायचा, आणि अकरावीला म्हणून दिव्यश्रीला तंजावुरात आजी-आजोबांकडं ठेवलं होतं. तिला औषधांचं शिकायचं होतं. हे ती चारचौघांत बोलायची नाही, पण घरात औषधाची पट्टी आली की पाठीमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ती कुणाला गोळी देत नसे.

कामाक्षीनं फडकं पिळलं. ती स्वतः पापनाशमच्या शाळेत दहावीपर्यंत शिकली. पुढं विज्ञान घ्यायचं तर बसनं कुंभकोणमला जावं लागलं असतं. वडील म्हणाले, पुरे झालं. ते वाईट नव्हते, काळजी करणारे होते. त्या शाळेच्या व्हरांड्यात एक तक्ता टांगलेला असायचा, चौकोनांचा. दोन्ही कडांना उंच आणि मध्ये वरून कुणीतरी फाडून नेल्यासारखा. कामाक्षीला वाटायचं, शाळा गरीब आहे, फाटका तक्तासुद्धा बदलत नाही.

"अडतं कशात?" तिनं विचारलं.

"पहिली वीस मूलद्रव्यं. कोण कुणानंतर, कुणाखाली कोण. डोक्यात राहतच नाही."

कामाक्षीनं पेटीकडं बघितलं. तिच्या कोलूत साठ बाहुल्या. नवरात्रात सात पायऱ्यांवर त्या मांडायच्या, आणि कोण कुठल्या पायरीवर, कुणाशेजारी, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिनं ते कधी पाठ केलेलं नव्हतं. दर वर्षी हात फिरला होता, एवढंच.

"चिठ्ठ्या कर," ती म्हणाली. "एकेकीच्या पायाशी एकेक लावू."

असं ते सुरू झालं. दिव्यश्रीनं इंग्रजी अक्षरांत वीस चिठ्ठ्या लिहिल्या. पुस्तकात बघून तिनं सांगितलं, पहिल्या ओळीत दोन, दुसरीत आठ, तिसरीत आठ, चौथीत उरलेली दोन. कामाक्षीनं वरून चार पायऱ्या त्यांना दिल्या. चौथ्या पायरीवर त्या दोन डाव्या कडेला लागल्या आणि पुढं शेटजीचं दुकान, भाजीवाली, लग्नाची वरात, नेहमीची मंडळी. सर्वांत वर, मधोमध, दर वर्षीसारखं मरप्पाचीचं जोडपं उभं राहिलं. लाल चंदनाच्या लाकडाचे नवरा-बायको, कामाक्षीच्या लग्नात वडिलांनी दिलेले. बायकोच्या पायाशी एक नंबर, हायड्रोजन. नवऱ्याच्या पायाशी दोन नंबर, हीलियम.

रोज संध्याकाळी दिवा लागला की आजी-नात पायऱ्यांसमोर बसायच्या. आजी सहस्रनाम म्हणायची, मग नात वीस नावं. सातव्या दिवशी ती उलटीही म्हणायला लागली. आजोबा अनिरुद्धराव झोपाळ्यावरून म्हणाले, "आता भटजींनाही दक्षिणा देऊन हेच म्हणायला लावा."

सरस्वतीपूजेच्या दिवशी पुस्तकं देवीपुढं रेशमी वस्त्राखाली ठेवली. या घरात ती दसऱ्याच्या संध्याकाळच्या आरतीनंतरच उठतात. तोवर अक्षर वाचायचं नाही. दिव्यश्रीला त्याची चिंता नव्हती, पायऱ्या समोर होत्याच.

त्या दुपारी समोरच्या घरातल्या महालक्ष्मी टीचर हळदीकुंकवाला आल्या. तीस वर्षं त्यांनी सरकारी शाळेत केमिस्ट्री शिकवली होती, आणि निवृत्त होऊनही रस्त्यानं जाणाऱ्याला स्पेलिंग विचारायची सवय गेली नव्हती. चिठ्ठ्या बघून त्या खूश झाल्या.

"वर-खाली उभे असतात ते एका कुटुंबातले," त्या दिव्यश्रीला म्हणाल्या. "त्यांचा स्वभाव एक. सांग बघू एखादं कुटुंब."

"हीलियम, नायट्रोजन, फॉस्फरस," दिव्यश्री न अडखळता म्हणाली.

टीचरांच्या हातातला प्रसादाच्या हरभऱ्यांचा, सुंडलचा द्रोण तसाच राहिला. "हे कुणी शिकवलं तुला?"

दिव्यश्रीनं पायऱ्यांकडं बोट दाखवलं. मधोमध उभ्या नवऱ्याच्या बरोबर खाली नायट्रोजनची बाहुली होती, तिच्या खाली फॉस्फरसची. तिनं जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं होतं.

"कामाक्षी, तुझा हीलियम भलत्याच घरात बसलाय गं," टीचर म्हणाल्या. "तो पार उजव्या टोकाला, निऑनच्या डोक्यावर. हायड्रोजन पार डावीकडं. मधली जागा मोकळी. उघड पुस्तक, दाखवते."

"पुस्तक आज उघडत नाही."

"मग बाहुल्या सरकव."

सासूबाईंनी हा कोलू तिच्या हाती देताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. पायरी उघडी दिसता कामा नये, आणि एकदा बसलेली बाहुली दसऱ्याआधी हलवायची नाही. आणि हे तर जोडपं. एकाला या टोकाला आणि दुसऱ्याला त्या टोकाला कसं उभं करायचं?

"एकोणचाळीस वर्षं शेजारी ठेवलं," झोपाळ्यावरून आवाज आला, "आता काढा नवऱ्याला कोपऱ्यात."

"तुम्ही गप्प बसा हो," कामाक्षी म्हणाली.

"राहू दे, आज्जी," दिव्यश्री हळूच म्हणाली. "मी तेवढं लक्षात ठेवीन." पण तिचा चेहरा त्या दिवशी पेटीच्या कडेवर बसली होती तसाच झाला होता. आठ दिवस जे डोळ्यांत बसवलं ते एका बोलण्यानं पुसलं जात नाही, हे आजीला कळत होतं. परवा परीक्षेत डोळे मिटले की पोरीला हीच पायरी दिसणार.

"टीचर," तिनं विचारलं, "हे कुटुंब ठरतं कशावरनं?"

टीचर पाटावर नीट बसल्या. "मोठ्या देवळासारखं समज. मध्ये गाभारा. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, सगळं वजन तिथंच. प्रोटॉन किती, त्यावरनं नंबर. भोवती एकाबाहेर एक प्राकार, तटाची आवारं, त्यांत इलेक्ट्रॉन फिरतात. आतल्या प्राकारात दोघंच मावतात. पुढच्यात आठ. सगळ्यांत बाहेरच्या प्राकारात किती जण आहेत, त्यावर त्याचा स्वभाव. तो प्राकार भरलेला असला की तो कुणाच्या दारी जात नाही. रिकामी जागा असली, नाहीतर एखादाच उरलेला असला, की तो दुसऱ्याशी देणंघेणं करतो."

"हीलियमकडं किती?"

"दोन."

"आणि पहिल्याकडं?"

"एकच."

कामाक्षीनं वरच्या पायरीवरच्या दोघांकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे चूक माझी. मी एकेकाला एकेक चिठ्ठी लावली. हे दोघं मिळून एक आहेत. घर भरलेलं, बाहेरच्या कुणाची गरज नाही. हीलियम म्हणजे हे जोडपं."

टीचरांनी द्रोण खाली ठेवला. "तीस वर्षांत मी हे असं फळ्यावर मांडलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग हायड्रोजन कोण?" दिव्यश्री उठून उभी राहिली होती. तिनंच पाचव्या पायरीवर शोधलं. तिथं मान डोलावणारी बाहुली होती, तंजावुरातली, साधा वारा लागला तरी चारी बाजूंना झुकणारी. "ही. एकटीच आहे. सारखी कुणाकडं तरी बघते."

कामाक्षीनं हात धुतले, पदर खोचला, कापूर लावला. "पुस्तकं तुझ्यापाशीच आहेत," ती देवीला म्हणाली, "त्यांना हात लावत नाही. बाहुल्या तेवढ्या हलवते. सांभाळून घे." आणि स्टुलावर चढून तिनं जोडपं दोन्ही हातांनी उचललं, उजव्या टोकाला निऑनच्या वर ठेवलं. डाव्या टोकाला डोलणारी बाहुली आली.

मधली पायरी उघडी पडली. सहा बाहुल्यांची जागा. कामाक्षीचा हात आपोआप चांदीच्या करंड्याकडं गेला, मध्ये ठेवायला.

"नको, आज्जी," दिव्यश्री म्हणाली. "ती जागा रिकामीच असते. पुस्तकातला मोठा तक्ता आता आठवला, त्यात तर आणखी रिकामी. दोन्ही बाजूंना उंच आणि मध्ये खोलगट."

करंडा हातात घेऊन कामाक्षी स्टुलावरच उभी राहिली. पापनाशमचा व्हरांडा तिच्या डोळ्यांसमोर आला. "वरून फाडल्यासारखा," ती म्हणाली.

"हो, तसाच. तुला कसं माहीत?"

"आमच्या शाळेत होता." ती खाली उतरली आणि करंडा जागच्या जागी ठेवला. "मी समजायची, फाटलाय. दोन वर्षं रोज त्याच्यासमोरनं गेले. कुणाला विचारलं नाही."

अनिरुद्धरावांनी झोपाळा पायानं थांबवला होता.

त्या दोन दिवसांत जी जी बाई हळदीकुंकवाला आली तिनं वरच्या पायरीकडं बघून विचारलं, अक्का, काही फुटलं का? कामाक्षी प्रत्येकीला सांगायची, फुटलं नाही, त्या पायरीवर एवढेच असतात. काहींना पटलं, काहींनी मान हलवली.

दसऱ्याला आरती झाली, पुस्तक उठलं. दिव्यश्रीनं तक्ता उघडून पायऱ्यांशी ताडून पाहिला आणि मिटला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. कामाक्षी त्या दिवशी देवळात गेली नाही. घरातच बसून सहस्रनाम म्हणत राहिली, मध्येच ओळ चुकली, परत पहिल्यापासून म्हटलं.

तीन वाजता दिव्यश्री आली, आणि या वेळी आधी दप्तर उतरवलं.

"एकतीस," ती म्हणाली. "तिथंच तपासून दिले. पाच मार्कांचा प्रश्न होता, हीलियमकडं दोनच इलेक्ट्रॉन असून तो निऑनच्या वर का बसतो."

"मग? काय लिहिलंस?"

"पहिला प्राकार दोघांतच भरतो, असं लिहिलं. प्राकार लिहून मग खोडलं, शेल लिहिलं."

कामाक्षीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तिथंच थोडा वेळ राहू दिला. मग दोघी बाहुल्या आवरायला बसल्या. इतकी वर्षं मरप्पाचीचे दोघे वेगवेगळ्या कागदांत जायचे. या वेळी कामाक्षीनं दोघांना एकाच मऊ फडक्यात गुंडाळलं, चिठ्ठी काढली नाही. डोलणाऱ्या बाहुलीची मान नुसती अडकवलेली असते, ती निघून दिव्यश्रीच्या हाती आली. ती तिनं वेगळी गुंडाळली.

चौथी पायरी आवरताना वर्तमानपत्रं संपली. कामाक्षीनं गुडघ्यांवर हात टेकून उठत चपला पायात सरकवल्या. समोर महालक्ष्मी टीचरांकडून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणायचा होता.