शेंगा दे तिले

खोलीतल्या सोबत्यानं आज तुरीच्या शेंगा उकडल्या आणि त्या वासानं मी थेट झरी जामणीकडच्या आमच्या अंगणात गेलो. भाषांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम आमची कोलामी बोली टिपायला आल्या होत्या. सातवीत शाळा सोडलेला मी त्यांचा दुभाषा. भर दुपारी त्यांनी आवाज टिपायचं मशीन सुरू केलं आणि आईला गोष्ट सांगायला सांगितलं. आई आपल्या बोलीत म्हणाली, "दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते. तुहा मामा बाजारात गेला हाय ना!" मी ते मराठीत सांगितल्यावर मॅडम हसल्या, मशीन मात्र चालूच. आई थांबेना. "बाई उपाशी हाय, शेंगा दे तिले. गरम हायेत तवर दे." मॅडमचं काम बिघडेल या धास्तीनं मी ओरडलो, "आई, गप बस ना आता!" मॅडम म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना, मला हेच हवंय." पण आई मग बोललीच नाही. औंदा ती गेली. मॅडमनी आठवणीनं ते रेकॉर्डिंग इथं परमुलखात माझ्या फोनवर पाठवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. फोन बिघडला तर, म्हणून ते खोलीतल्या तिघांच्या फोनात ठेवलंय. रडू येत नाही. नुसतं ऐकतो, आणि माझं ओरडणं यायच्या आधी बंद करतो.