मुलीसाठी लावलेला कौल

गुणाजीकाका कॉलेज पाहायला आले, ते सोयरिकीचे घर पाहायला यावे तसे.

१९६३ सालचा मार्च होता. मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचे गाव धामापूरच्या पलीकडे, तीन वाड्यांचे. काका तिथल्या ग्रामदेवीचे गुरव. देवीची पूजा त्यांच्याकडे, आणि गावाने देवीला काही विचारायचे झाले तर कौल लावण्याचे कामही त्यांच्याचकडे. त्यांची मुलगी सुगंधा मालवणात राहून नुकतीच मॅट्रिकच्या परीक्षेला बसली होती. आमच्या गावातून या परीक्षेला बसलेली ती पहिली मुलगी. गणिताच्या मास्तरांनी काकांना बोलावून सांगितले होते की हिला शास्त्र शाखेला घाला, आणि जमले तर कोल्हापूरला. जवळचे सावंतवाडीचे कॉलेज काकांनी आधीच पाहून नापसंत केले होते.

सुगंधाला घेऊन एस.टी.तून उतरल्यावर त्यांनी वर्ग पाहिले नाहीत. "राहूचा खंय, ता आधी दाखव रे बाळा," म्हणाले. मुलींच्या वसतिगृहाच्या विहिरीवर जाऊन त्यांनी पोहरा ओढला, ओंजळभर पाणी प्याले आणि "गोडा आसा" असा निर्वाळा दिला. मग स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून चुलीवरच्या भाताचा वास घेतला. वसतिगृहाच्या अधीक्षक विमलाबाई बाहेर आल्या, तेव्हा काकांनी टोपी सारखी केली आणि कचेरीत बोलावे तशा मराठीत विचारले, "घरात मोठं कोण?"

"मीच," विमलाबाई म्हणाल्या.

"पोरींना घरची आठवण येऊन रडू आलं, तर कोणाकडे जातात?"

"माझ्याकडे. आणि मी रागावते."

"आणि मग?"

"मग चहा देते."

काका मोकळेपणाने हसले. मुलींचे पालक फीबद्दल विचारतात, सुट्ट्यांबद्दल विचारतात; हा प्रश्न आपल्याला आजवर कोणी विचारला नव्हता, असे बाई मला नंतर म्हणाल्या.

सुगंधा तोवर प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी होती. तिथल्या सेवकाने तिला आत घेतले. टेबलावरचा लहानसा तराजू काचेच्या पेटीत ठेवलेला पाहून ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग मला म्हणाली, "श्वास लागलो तरी काटो हलात, म्हणान काच, मां?" मला हे समजायला वर्गात एक तास लागला होता.

परतीच्या गाडीची वाट पाहताना काका मुलीकडे पाहत म्हणाले, "घर बरा आसा. चेडू हडे नांदतला."

"मग निकाल लागला की फॉर्म आणू?"

"आधी देवीक इचारूक व्हया."

माझा चेहरा उतरलेला पाहून सुगंधा हळूच म्हणाली, "कौल बाबाच लावतले ना? तू कित्याक घाबरतंस?" तिच्या बोलण्यातला विश्वास मला तेव्हा उमगला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. सुगंधा पहिल्या वर्गात आली. मी सुटीसाठी गावीच होतो. सोमवारी सकाळी देवळात पंधरा-वीस माणसे जमली. काकांनी तांब्यातल्या पाण्यात दोन कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, भिजवले आणि देवीच्या पाषाणावर एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवला. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मग हात जोडून त्यांनी गाऱ्हाणे घातले.

"बाय माझे आवशी, तुझ्या चाकराचा चेडू शिकाक घाटार, कोल्हापुराक जावक बघता. धाडूचा आसात तर उजवो दी, नाय तर डावो दी."

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

सगळे कळ्यांकडे पाहत होते. सुगंधा बापाच्या बोटांकडे पाहत होती. डावा कळा सुटला आणि खाली आला.

मंडळी पांगल्यावर काका पायरीवर बसले. मी धीर करून म्हणालो, "काका, पाणी कमी लागलं की कळा लवकर पडतो, जास्त लागलं की उशिरा. त्यात..."

"तुझ्या कॉलेजात ता खरा आसात," ते मला थांबवून म्हणाले. "हडे मी गुरव आसंय."

सुगंधा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, दोनय कळे सारखेच भिजवलास."

"व्हय."

"मथुराकाकीच्या वेळेक तसा नाय केलास. डावो चिंब केलास, उजव्याक नुसता बोट लावलास. मी बाजूक उभी होतंय."

मथुराकाकीच्या नवऱ्याची होडी चार वर्षांपूर्वी तोंडवलीच्या समुद्रात गेली ती परत आली नव्हती. तो येईल का, असे काकीने विचारले होते, आणि उजवा कळा पडला होता.

काका खाली पाहत म्हणाले, "तिचो आकांत माका बघवलो नाय गो. मथुरा आजून वाट बघता. भाव माहेराक न्हेवक इलो, तर गेली नाय. देवीन सांगल्यान, म्हणता. देवीन नाय सांगल्यान, मिया सांगलंय. त्या दिसापासून माझो हात दोनय कळ्यांक सारखो आसा."

"म्हणजे तिच्यासाठी खोटा बोललास आणि माझ्यासाठी खरा."

ती घरी निघून गेली.

वर्षभर तिने पुस्तक हातात धरले नाही. पुढच्या एप्रिलमध्ये काकांचे मला कार्ड आले: फॉर्म घेऊन ये. मी गेलो, तेव्हा सुगंधा घरामागच्या परड्यात सोले वाळत घालीत होती. कोकमाने तिचे हात लाल झाले होते, म्हणून तिने फॉर्म हातात घेतला नाही. "वाचून दाखव," म्हणाली. मी नाव, जन्मतारीख, गुण असे सगळे रकाने वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

काका दाराशी उभे होते. "ह्या वर्सा देवीक इचारूचा नाय," ते म्हणाले. "मी ठरवलंय."

"गेल्या वर्सा इचारलास, मां? मगे तिचा उत्तर एका वर्सापुरता होता?"

"बाय, माझा चुकला."

"नाय चुकला, बाबा. चुकला असता तर मी आता कोल्हापुरात असतंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरे वाटले असते. तिने सुपातली सोले पुन्हा पसरायला घेतली.

त्या डिसेंबरात सुगंधाचे लग्न झाले आणि ती देवगडला सासरी गेली. मी पुढे त्याच कॉलेजात शिकवू लागलो. दर जूनमध्ये मी गावाहून निघालो की काका फाट्यापर्यंत पोचवायला येत. वाटेत शेतीचे, देवळाचे बोलणे होई. गाडी दिसू लागली की ते विचारीत, "यंदा कॉलेजात चेडवा किती आसत?"

मी मुलींचा आकडा सांगे. तो दर वर्षी वाढलेला असे. काका मान हलवीत, आणि गाडी सुटायच्या आधीच परत फिरत.