साडूंची गप्प पेशी

जगातली प्रत्येक गोष्ट ओल्या कागदात गुंडाळून ठेवावी आणि उगवते का ते बघावं, असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत साडूंची सगळी नोकरी उगवण तपासण्यात गेली. निवृत्त झाले तरी सवय जाईना. बाजारातून आणलेली मेथी, भाचीला सांगून आलेलं स्थळ, नवा नगरसेवक, सगळ्यांबद्दल त्यांचं मत एकच: "जल्दी करू नका. उगवू द्या." माझं लग्न ठरताना सासऱ्यांना माझ्याबद्दलही त्यांनी हेच सांगितलं होतं. निकाल अजून जाहीर केलेला नाही.

अशा माणसाने साठी उलटल्यावर उंदराच्या मेंदूचा अभ्यास धरला, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक परदेशात एका प्रयोगशाळेत हेच काम करायची. रविवारी तिचा फोन यायचा, तो स्पीकरवर टाकला जायचा. "जेवलीस का?" "हो पप्पा." "थंडी हाय का?" "आहे." एवढ्यावर बापलेकीचं बोलणं संपायचं आणि फोन ताईंकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे, जायचा. साडूंना लेकीशी खूप बोलायचं होतं, पण विषयच नव्हता. म्हणून त्यांनी तिचाच विषय शिकायला घेतला.

लॅपटॉप आला. पायथन नावाची संगणकाची भाषा शिकवणारे व्हिडिओ घरात दिवसभर वाजू लागले. या अभ्यासाला लागणारी सगळी सॉफ्टवेअर लोकांनी बनवून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत, यावर त्यांचा विश्वास बसेना. "बिलकुल फुकट? मंग हे खातेत काय?" मेंदूतल्या पेशी ओळखणारं एक सॉफ्टवेअर काही केल्या चालेना, तेव्हा त्यांनी ते बनवणाऱ्यांनाच इंटरनेटवर विचारलं, आधी घरच्या सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून. कुठल्याशा देशातल्या एका भल्या माणसाने चूक दाखवून दिली. साडूंनी त्याला लगोलग केदारखेड्याच्या शेतावर हुरडा खायला बोलावलं. तो अजून आलेला नाही, पण हिवाळा लागला की साडू त्याची आठवण काढतात.

हळूहळू जमायला लागलं. लेकीने स्वतः केलेल्या प्रयोगाचा डेटा प्रयोगशाळेने सर्वांसाठी ठेवला होता, तो त्यांनी उतरवून घेतला. उंदीर पळताना मेंदूतली पेशी चमकली की पडद्यावर तिची रेघ वर उडायची. आता रविवारचे फोन लांबले. लेक तिकडून करवादायची, "पप्पा, ती एक पेशी चमकतच नाही. अशा आधी गाळायच्या असतात." "गाळायच्या? अगं, उशिरा उगवणारं बी असतं." "ते बी नाहीये, पप्पा." भांडण असं रंगायचं की ताई कुरकुरायच्या, "मला फोन देता का न्हाई आज?" त्या दिवसांत साडूंएवढा सुखी माणूस मी पाहिला नाही.

मग लेकीने ती प्रयोगशाळा सोडली. कंटाळली होती, एका कंपनीत लागली. "आता त्यातलं काही विचारू नका, पप्पा," एवढंच म्हणाली. साडूंनी विचारलं नाही.

परवाच्या रविवारी मी गेलो, तर साडू लॅपटॉप उघडून बसलेले.

"अजून चालूच का?"

"करून राह्यलो थोडंथोडं."

पडद्यावर उड्या मारणाऱ्या रेघांच्या खाली एक रेघ सरळ आडवी होती. लेकीने गाळायला सांगितलेली तीच. "ही काढा की आता," मी म्हणालो.

"तिच्या हातचं हाय ते, साडू. राहू द्या."

तेवढ्यात फोन आला. "जेवलीस का?" "हो पप्पा." "थंडी हाय का?" "आहे." हल्ली पुन्हा इथेच फोन ताईंकडे जातो. साडूंनी तो दिला नाही. पडद्यावरच्या त्या आडव्या रेघेकडे बघत हातातच धरून ठेवला. ताईही मागायला आल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने फोनमधून आवाज आला, "पप्पा, ती पेशी गाळली का तुम्ही?"

"न्हाई."

"बरं. असू द्या."

मग साडूंनी फोन ताईंकडे दिला.