अंगावर जातंय

दिवाळे गावच्या बयाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला की बेलापूरच्या बाजारात गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. तिच्या पाटीतली कोलंबी शिळी म्हणायची कुणाची टाप नव्हती. पण एका ठिकाणी याच बाईची दातखीळ बसली आणि जिवावर बेतलं.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. परसाकडे गेली की रक्त पडायचं, बसवत नव्हतं. आता कोळणीला बसवेना तर मासळी विकायची कशी? शेवटी नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेली. समोर पुरुषमाणूस! त्या जागेचं नाव कसं घ्यायचं? खाली मान घालून म्हणाली, "अंगावर जातंय."

झालं! बायका पाळीच्या रक्ताला जे म्हणतात, तेच डॉक्टरनं धरलं. पाळी जाऊन वर्षं झालेली, म्हणजे गर्भाशयातच खोट. गोळ्या दिल्या, मग पिशवी साफ करून घ्या म्हणाला. आणि हिनं घेतली की हो! "तिथून नाय" एवढं काही तोंडातून फुटेना. काय म्हणावं या बाईला!

रक्त जायचं ते जातच राहिलं. सून रखमा लुगडी धुवायची. एकदा काष्टा हातात धरून ती थबकली.

"आये, डाग मागच्या अंगाला कसा गो?"

बयाबाईनं पदर तोंडावर घेतला. रखमा काय ते समजली. दुसऱ्याच दिवशी सासूला बसमध्ये घालून तिनं खाडीपूल ओलांडला, थेट परळच्या मोठ्या हॉस्पिटलात.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त कुठून जातं?"

रखमाच ओरडली, "मागून!"

डॉक्टरीणबाईंनी बोट घालून तपासलं. बयाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत गाठ लागली. तुकडा काढून तपासायला पाठवला आणि निकाल आला. कॅन्सर, गुदद्वाराचा.

"हागायच्या जागेला कॅन्सर?" बयाबाईचे डोळे पांढरे झाले. "असं पन असतं?"

"असतं. आधी कुणी इथं तपासलं नाही?"

"मी सांगितलंच नाय." हे बोलताना तिला सगळं उमगलं. रोग तिच्या अंगात आणि औषध भलत्याच जागी, तेही तिच्याच एका शब्दापायी!

"विजेचा शेक म्हणजे रेडिएशन देऊ, सलाईनमधून औषध देऊ. गाठ विरली नाही तर ऑपरेशन, मग पोटावर कायमची पिशवी."

"पिशवी तर मी साफ करून आलेय!"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, ही पिशवी वेगळी, हिच्यात शौच जमणार. मग मात्र बयाबाई भिंतीला टेकून खालीच बसली. पोटावर मळ बांधून बसले तर मासळी कोण घेईल माझी?

शेकानं कातडी सोलून निघाली. परसाकडे जायचं म्हटलं की ती आईला हाका मारायची. रखमा कोमट पाण्याच्या टबात बसवायची, उठवायची. पुढं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोट घालून पाहिलं. गाठ नव्हती. बयाबाईचा विश्वासच बसेना. तिनं त्यांना परत बघायला लावलं.

बाजारात ती पुन्हा बसली, खाली गोधडीची घडी घेऊन. एक दिवस शेजारची सखू कानाशी लागली. "बया, माज्या अंगावर जातंय गो."

बयाबाईच्या हातातली कोयती थांबली. भर बाजारात तिनं आवाज चढवला, "पुढून का मागून?"

गिऱ्हाइकं चपापली. सखूनं पदरात तोंड लपवलं.

"लाजतेस काय, बोल! मी लाजेपायीच मरत होते."

"मागून," सखू कशीबशी म्हणाली.

बयाबाईनं पाटी मदतीला आलेल्या रखमाच्या हवाली केली आणि सखूचा हात धरून बसस्टॉपकडं निघाली.