कडावचे काळे घोडे

“सर, घोडा पुन्हा काळा पडला!” सोनलचा फोन. आठवड्यातला तिसरा.

सोनल कडावची. पडवीत गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काच वितळवून बोटाएवढे घोडे बनवते. माथेरानच्या एका हॉटेलने तिला पहिलीच मोठी ऑर्डर दिली होती. दीडशे घोडे, पाण्यासारखे स्वच्छ, शनिवारपर्यंत. नाही जमलं तर ऑर्डर दुसऱ्याला.

मी खालापूरचा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची सर्व्हिसिंग करतो. पेशंटच्या उशाशी असतं तेच मशीन, सोनलने टॉर्चला जोडलेलं. ते खोलीतली हवा ओढतं, नायट्रोजन वेगळा काढून बाहेर फेकतं आणि ऑक्सिजन नळीतून देतं. टॉर्चला तो भरपूर मिळाला की ज्योत निळी, टोकदार. कमी पडला की पिवळी, आणि काचेवर काजळी.

दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा अ‍ॅनालायझर लावला, म्हणजे शुद्धता मोजायचं यंत्र. ब्याण्णव टक्के. मशीन ठणठणीत! सोनलच्या सासूबाई आग्रहाने तांदळाची भाकरी वाढायच्या. मी जेवून निघालो की घोडे काळे.

साहेबांना फोन लावला.

“मशीन ओके आहे ना? मग तिला सांग, हात सुधार.”

“सर, हात चांगला आहे तिचा.”

“मग तू सुधार. कम्प्लेंट आज क्लोज पाहिजे.”

असं डोकं फिरलं माझं! तरी गेलो. पुन्हा ब्याण्णव. सोनल रडकुंडीला आली होती. “सर, तुम्ही इथंच राहायला या,” म्हणाली.

निघालो. नाक्यावर आल्यावर लक्षात आलं, अ‍ॅनालायझर तिथंच राहिला. गाडी वळवली.

पडवीत पाहतो तर मशीन नटून बसलेलं. अंगात फुलाफुलांचं कव्हर, खाली झालर, नळीपुरतं काज केलेलं. घरात फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक. मग या बिचाऱ्याने काय घोडं मारलं होतं? सोनलला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

“मावशी, हे कधीपासून?” मी सासूबाईंना विचारलं.

“रोजच असतंय की. धूळ बसते ना, भाऊ. तुमी येनार म्हटलं की काढून धुवाया टाकते. मळकं कव्हर पाहुन्याला कशाला दाखवायचं? ह्ये दुसरं हाय, धुतलेलं.”

अ‍ॅनालायझर लावला. एकाहत्तर! बाहेर फेकलेला नायट्रोजन झालरीतच कोंडत होता आणि मशीन तोच पुन्हा ओढत होतं. मावशींना सांगितलं. त्या फणकारल्या.

“कायतरीच! कापडानं कुठं काय होतंय? मापाचं शिवलंय मी.”

मग मलाही खोडी सुचली. अ‍ॅनालायझर त्यांच्याच हातात दिला. “कव्हर काढा, आणि आकडा बघत बसा.”

काही मिनिटांत आकडा चढत चढत ब्याण्णववर. मावशींनी कव्हर पुन्हा घातलं. आकडा उतरू लागला. पुन्हा काढलं. चढला.

“अगं बया!” त्या हरखल्या. मग एकदम सुनेकडे वळल्या. “आन् तू सांगितलं नाय व्हय गं मला? मशीन तुजं का माजं?”

सोनल पोट धरून हसली. मला तर हायसंच वाटलं. शुक्रवारी दीडशे घोडे माथेरानला गेले. एकही काळा नाही.

सर्व्हिस रिपोर्टमध्ये बिघाडाचं कारण लिहिलं, ‘मशीनला कपडे घातले होते.’ साहेबांचा लगेच फोन. “शुद्धीवर आहेस ना?”

तेव्हापासून मी कुणाकडेच आधी कळवून जात नाही. कळवून गेलं की पाहुणचार मिळतो, बिघाड मिळत नाही.