व्याह्यांचा जिताडा
माझ्या वडिलांनी मला बजावलं होतं, तुझ्या सासरी पाण्याचा घोटही घेणार नाही. कारण एवढंच, की मी खारबावच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा भिवंडीत, माझे वडील कामाला होते त्याच कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. वडील तिथे जॉबर. बिघडलेले लूम दुरुस्त करून द्यायचे. जावयाशी ड्युटीपुरतं बोलायचे, तेही हिंदीत. हट्ट म्हणजे केवढा!

आणीबाणी उठली त्या वर्षी त्यांनी नवऱ्याजवळ निरोप दिला, रविवारी येतो. सासऱ्यांना कोण आनंद झाला. व्याही पहिल्यांदा घरी येणार, तर ताटात जिताडाच हवा. आमच्या खाडीत त्याच्याएवढा मान दुसऱ्या माशाला नाही. शनिवारी ते होडी घेऊन गेले आणि हातभर जिताडा आणला. होडीच्या मधल्या खणाला तळाशी भोकं होती. त्यांच्या खुंट्या काढल्या की खाडीचं पाणी आतबाहेर खेळायचं आणि मासा जिवंत राहायचा.

रविवारी मसाला वाटून मी एसटीच्या वाटेकडे डोळे लावून बसले. गाड्या आल्या नि गेल्या. वडील आले नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, आता आपणच खाऊ. सासऱ्यांनी ऐकलं नाही. व्याही येईपर्यंत मासा घरामागच्या तळ्यात राहील, म्हणाले. वडिलांवरचा राग मी त्यांच्यावर काढला. नसते लाड कशाला, म्हटलं.

तळं गोड्या पाण्याचं. खाडीतला मासा एकदम त्यात सोडला तर जगेल याचा भरवसा नव्हता. म्हणून खुंट्या ठोकून त्यांनी खणातलं थोडं खारं पाणी उपसलं आणि तेवढंच तळ्याचं ओतलं. मग थोडं थांबून परत तेच. घागरी मी वाहिल्या, पुटपुटत. मध्येच मासा कुशीवर पडला. मेला, असं मी म्हणाले. सासरे खणात उतरले, त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला पाण्यात हळूहळू पुढे ढकलत राहिले. कल्ल्यांतून पाणी फिरलं पाहिजे, म्हणाले. बऱ्याच वेळाने शेपूट हललं. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून तो तळ्यात नेला. तिथेही तो स्वतःहून हातातून सुटेपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही.

दर सणाला सासरे निरोप धाडायचे. वडील यायचे नाहीत. जिताडा तळ्यातले बारके मासे खाऊन माजला. सासूबाई म्हणायच्या, व्याही न्हाय आला, पन त्याचा मासा रोज जेवतो हाय. गावात कुणी त्या तळ्यात गळ टाकला नाही.

तिसऱ्या वर्षी सासरे छातीत कळ येऊन गेले. वडील आले ते दहाव्याला. सुतकाच्या घरात मासा शिजत नाही. सासूबाईंनी त्यांना तळ्यावर नेलं. काठाजवळ जिताड्याची रुंद पाठ दिसत होती.

"त्यो तुमचा हाय," त्या म्हणाल्या. "मालकांनी ठेवला व्हता."

वडील पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला. त्यांनी तो रिकामा केला. मला त्यांची दया यायला हवी होती, पण नुसता संताप आला.

"व्याह्यांबरोबर जेवायचं राहून गेलं," तांब्या परत देत ते म्हणाले.

"राहून नाही गेलं, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही आला नाहीत."